विश्लेषण : कोल्हापुरी चपलेचे पैसे कोणाच्या हातात पडतात? खरेदीपूर्वी दुकानदाराला काय विचाराल?

इटलीतील मिलान शहरात २२ जून २०२५ रोजी ‘प्राडा’ या बड्या फॅशन कंपनीचा शो झाला. त्यात पुरुष मॉडेलच्या पायात जी चप्पल दिसली, ती कोल्हापूरच्या माणसाने बघताक्षणी ओळखली. अंगठा, विणलेली पट्टी, सपाट चामडी तळ. कंपनीने मात्र तिला नुसते ‘चामडी सँडल’ म्हटले होते. त्यावरून मोठा वाद झाला. कंपनीने श्रेय मान्य केले आणि वर्ष संपण्यापूर्वी करारही झाला.

पण श्रेय मिळणे ही एक गोष्ट आणि दाम मिळणे ही दुसरी. कोल्हापूरच्या सुभाषनगरात रापी-आरी घेऊन बसलेल्या कारागिराचा महिना प्राडापेक्षा जास्त अवलंबून असतो तो तुमच्या-आमच्यासारख्या ग्राहकांवर आणि मधल्या व्यापारावर. हल्ली ‘एथिकल शॉपिंग’ म्हणजे जबाबदार खरेदी हा शब्द बराच ऐकू येतो. कोल्हापुरीच्या बाबतीत त्याचा नेमका अर्थ काय? चपलेचा पैसा कसा फिरतो, कुठे अडकतो आणि ग्राहक काय करू शकतो, याचे हे विश्लेषण.

प्राडा प्रकरणात नेमके काय घडले?

मिलानच्या शोची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरल्यानंतर महाराष्ट्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अ‍ॅग्रिकल्चर या संघटनेने प्राडाला पत्र लिहून आक्षेप नोंदवला. उत्तरात प्राडा समूहातील सामाजिक उत्तरदायित्व विभागाचे प्रमुख लोरेन्झो बर्टेली यांनी या चपला भारतातील पारंपरिक हस्तनिर्मित पादत्राणांवरून प्रेरित असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले.

त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन सरकारी महामंडळांशी करार केला. एक महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे ‘लिडकॉम’. दुसरे कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे ‘लिडकर’. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मर्यादित आवृत्तीचे २,००० जोड तयार करायचे, साधारण ८०० युरो किमतीला ते फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातील ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, अशी ही योजना जाहीर झाली. सोबत तीन वर्षांचा सहकार्याचा कार्यक्रम असून त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे.

आकडेमोड सोपी आहे. २,००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरोंची विक्री. मात्र एवढ्या मोठ्या प्रदेशातील कारागिरांच्या संख्येपुढे २,००० जोड ही लहान ऑर्डर आहे. त्यामुळे या करारातून कोल्हापुरीचे नाव मोठे होईल, पण घराघरातील चूल पेटण्यासाठी देशातील रोजची विक्रीच महत्त्वाची ठरते.

जीआय मानांकन असूनही कारवाई का झाली नाही?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘जीआय टॅग’ मिळाला. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे एकूण आठ जिल्हे येतात. नोंदणी लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांच्या नावावर आहे. कोल्हापुरी चप्पल केवळ कोल्हापूरचीच, हा समज कायद्याच्या दृष्टीने बरोबर नाही. अथणी किंवा निपाणीकडच्या कारागिराने परंपरेनुसार केलेली चप्पलही तितकीच अस्सल.

जीआय हे प्रामुख्याने नावाचे संरक्षण करते. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव त्या प्रदेशाबाहेरच्या किंवा पद्धतीत न बसणाऱ्या मालाला लावता येत नाही. प्राडाने मात्र ते नाव वापरलेच नव्हते. आकार आणि घाट सारखा असला, तरी केवळ तेवढ्यावरून जीआयचा भंग सिद्ध करणे कठीण असते. शिवाय जीआयची नोंदणी ज्या देशात झाली, त्या देशापुरतीच ती लागू होते. भारतातील नोंदणी इटलीत आपोआप चालत नाही.

या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. १६ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. याचिकाकर्ते हे जीआयचे नोंदणीकृत मालक नाहीत, ज्यांच्या नावावर नोंदणी आहे ते स्वतः दाद मागू शकतात, असा मुद्दा त्यात कळीचा ठरला.

युरोपमध्ये आता एक नवी वाट मात्र खुली झाली आहे. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा युरोपीय संघाचा नवा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात संघाबाहेरच्या देशांतील उत्पादकांनाही अर्ज करता येतो. तशी नोंदणी झाली, तरी संरक्षण मिळेल ते नावालाच.

कायद्यातील ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणजे कोण?

जीआय मिळाले म्हणजे आठ जिल्ह्यांतील प्रत्येक कारागिराला आपोआप हक्क मिळाला, असे नाही. कारागिराला चेन्नईतील जीआय नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. तशी नोंद असलेल्यालाच मानांकनाचे चिन्ह वापरता येते आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध कायदेशीर दाद मागता येते. ही नोंद १० वर्षांसाठी असते. २०२० मध्ये नियमात बदल करून अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणण्यात आले.

शुल्क कमी झाले, तरी कागदपत्रांची अडचण राहते. घरातच काम करणाऱ्या कुटुंबाकडे दुकानाचा परवाना नसतो, बिलबुक नसते. माल व्यापाऱ्याच्या नावाने बाजारात जातो. त्यामुळे चप्पल अस्सल, कारागीर अस्सल. पण कागदावर त्याचे नाव नाही, अशी स्थिती होते. जबाबदार खरेदीचा पहिला प्रश्न इथूनच सुरू होतो. वस्तूसोबत ती करणाऱ्याचे नाव ग्राहकापर्यंत येते का?

एक जोड तयार कसा होतो?

सुरुवात कातड्यापासून होते. कच्चे कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाज करत आला आणि कमावलेल्या चामड्याची चप्पल चर्मकार समाजाने घडवली. पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावले जाते. कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची आणि त्यात सालीचे पाणी भरायचे, ही इथली जुनी रीत. या प्रक्रियेला आठवडे लागतात. क्रोमसारखी रसायने वापरली तर तेच काम फार लवकर उरकते. जगातील बहुतांश चामडे आज क्रोमनेच कमावले जाते.

पुढचे काम हाताचे. तळासाठी जाड चामडे कापायचे, थर एकमेकांवर बसवायचे, टाच लावायची, कान जोडायचे, पट्टा आणि अंगठा बसवायचा. वरची वेणी घालायची, गोंडा लावायचा. शिवणही चामड्याच्या वादीचीच. पारंपरिक जोडात खिळा वापरत नाहीत. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी ही नावे घाटांची असली, तरी त्यातली काही थेट गावांवरून आलेली आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी या उद्योगाला प्रोत्साहन दिले आणि चपलेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

कच्च्या मालाची बाजूही सोपी राहिलेली नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा विस्तार करून वळू आणि बैल यांचाही त्यात समावेश झाला. म्हैस त्यातून वगळलेली आहे आणि तळासाठी म्हशीचेच चामडे प्रामुख्याने लागते. तरीही कातड्याच्या व्यापारावर आणि वाहतुकीवर त्याचा परिणाम झाला. चामडे महागले की त्याचा पहिला फटका सर्वात कमी भांडवल असलेल्या माणसाला, म्हणजे कारागिराला बसतो.

साखळीत कोण कोण असते?

साधारण क्रम असा : कच्चे कातडे विकणारा, ते कमावणारा, चामड्याचा व्यापारी, कारागीर कुटुंब, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता आणि शेवटी ग्राहक. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून घेतली तर यातले एक-दोन टप्पे कमी होतात. मुंबई, पुणे किंवा दिल्लीतल्या मॉलमध्ये घेतली तर वाढतात.

मधला प्रत्येक माणूस लुबाडणाराच असतो, असे समजणे चुकीचे आहे. दुकानदार जागेचे भाडे भरतो, प्रत्येक मापाचे जोड साठवून ठेवतो, न खपलेल्या मालाचा तोटा सोसतो, कर भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यापुढच्या किमतीला १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे उत्तम, मेहनतीचा आणि म्हणून महाग जोड ही रेषा ओलांडतो, तेव्हा करही वाढतो. हे सगळे खर्च खरे आहेत.

अडचण व्यापारी असण्यात नाही. भाव कोण ठरवतो आणि पैसे कधी मिळतात, यात आहे.

पैसा नेमका कुठे अडकतो?

पहिली जागा म्हणजे ‘उचल’. कारागिराकडे चामडे घेण्याइतके रोख पैसे नसतात. मग व्यापारी चामडे किंवा रक्कम आगाऊ देतो. त्या बदल्यात तयार माल त्यालाच द्यायचा, असा अलिखित करार होतो. एकदा उचल घेतली की भाव करण्याची ताकद संपते. दुसऱ्या दुकानदाराने जास्त भाव देऊ केला तरी माल तिकडे वळवता येत नाही.

दुसरी जागा म्हणजे उधारी. माल आज गेला, पैसे विकल्यावर. मधल्या काळात घर चालवायला कर्ज आणि त्या कर्जाला व्याज. कागदावर जोडाचा भाव चांगला दिसतो, पण व्याज वजा केले की उरते ते वेगळेच.

तिसरी जागा म्हणजे पावसाळा. चामडी चप्पल पाण्यात टिकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात मागणी घटते. वनस्पतींनी कमावलेले चामडे आणि तयार जोड दमट हवेत वाळणेही कठीण. या काळात हातात पैसा नसेल, तर तयार माल पडत्या भावाने काढावा लागतो.

हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका जोडाचे कारागिराला ९०० रुपये मिळाले. चामडे आणि इतर साहित्याला ४५० रुपये लागले. उरले ४५०. नवरा-बायको दोघांचा मिळून एक पूर्ण दिवस गेला असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला २२५ रुपये. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे या हिशेबात पिढीजात कसब असलेल्या हाताला खड्डे खणण्याच्या मजुरीपेक्षाही कमी मिळते. मुलगा हे काम पुढे का नेत नाही, याचे उत्तर अशाच गणितात सापडते. ग्राहकाने घासाघीस करून १०० रुपये कमी केले आणि ते कारागिराच्या ४५० मधून गेले, तर त्याच्या कमाईत थेट २२ टक्क्यांची घट होते. किमतीत जे किरकोळ वाटते, ते मजुरीत किरकोळ नसते.

४५ दिवसांचा नियम काय सांगतो?

उधारीवर कायद्यात उपाय आहे, पण तो अनेकांना माहीत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यातही याची सांगड घालण्यात आली. वेळेत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खरेदीचा खर्च म्हणून वजावट मिळत नाही.

हा लाभ घेण्यासाठी कारागिराची ‘उद्यम’ नोंदणी असणे महत्त्वाचे. ती विनाशुल्क आणि ऑनलाइन होते. मात्र इथेही मेख आहे. पुरवठ्याचे बिल नसेल, सगळा व्यवहार तोंडी असेल आणि वर उचल घेतलेली असेल, तर कारागीर तक्रार करणार कशाच्या जोरावर? तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाण्याची भीती वेगळीच.

उचलीचा फास सैल करायचा तर स्वस्त भांडवल हवे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकार आणि पादत्राणे करणारे कारागीर येतात. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि तारणाशिवाय ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे.

महिलांचे काम हिशेबात येते का?

चप्पल म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो पुरुष कारागीर. प्रत्यक्षात वेणी घालणे, वरचा भाग शिवणे, गोंडे करणे ही नाजूक कामे मोठ्या प्रमाणात घरातील महिला करतात. पण घरचेच काम म्हणून त्याची वेगळी मजुरी धरली जात नाही. बँक खाते, कारागीर ओळखपत्र, योजनेचा अर्ज हे सगळे बहुधा पुरुषाच्या नावावर.

याला वेगळी दिशा देण्याचा एक प्रयत्न कर्नाटकातील अथणी येथे झाला. तिथे ‘टोहोल्ड’ या नावाने कारागिरांचा समूह उभा राहिला. त्यात महिलांच्या बचत गटांकडे मालकी देण्यात आली. मापांचे प्रमाणीकरण, दर्जा तपासणी आणि परदेशी ग्राहकांशी थेट व्यवहार यांवर भर दिला गेला. या उदाहरणातून दिसते ते असे, की केवळ चांगला भाव मिळून पुरत नाही. तो भाव कोणाच्या खात्यात जमा होतो, हेही पाहावे लागते.

कोल्हापुरी पर्यावरणपूरक आहे, हे कितपत खरे?

बऱ्याच अंशी खरे, पण अटी लागू. साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्यात क्रोम नसते. प्लास्टिकचा तळ नसतो. झिजलेला तळ बदलता येतो, सुटलेली शिवण पुन्हा घालता येते. नीट वापरली तर चप्पल अनेक वर्षे टिकते आणि कमी वस्तू जास्त काळ वापरणे हीच टिकाऊपणाची पहिली पायरी.

पण चामडे कमावण्याला भरपूर पाणी लागते आणि चुन्याचे, सालीचे सांडपाणी निघते. त्याची विल्हेवाट नीट झाली नाही, तर ‘नैसर्गिक’ म्हणून नदी ते माफ करत नाही. शिवाय आज बाजारातील प्रत्येक कोल्हापुरीचे चामडे सालीनेच कमावलेले असते, असेही नाही.

म्हणून ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे शब्द लेबलवर दिसले, तर पुरावा विचारणे योग्य. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पर्यावरणाविषयीचा दावा मोघम नसावा आणि त्याला आधार असावा, असे त्यात बंधन आहे. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

अस्सल जोड कसा ओळखाल?

* तळाची कड पाहा. चामड्याचे थर एकमेकांवर दिसले पाहिजेत. एकसंध, गुळगुळीत आणि रबरासारखी कड असेल तर शंका घ्या.
* शिवण पाहा. पारंपरिक जोडात चामड्याच्या वादीची शिवण असते. हाताची शिवण किंचित कमी-जास्त असते, यंत्राची अगदी एकसारखी.
* वास घ्या. सालीने कमावलेल्या चामड्याला मातकट वास येतो. रेक्झिनला रसायनाचा येतो.
* रंग पाहा. तेल-हळदीसारखा पिवळसर ते तपकिरी रंग वापराने गडद होत जातो. दोन्ही पायांच्या रंगात थोडा फरक असणे हा दोष नव्हे.
* करकर आवाजावर विसंबू नका. आवाज मुद्दाम आणता येतो. तो शौक आहे, अस्सलपणाचा पुरावा नव्हे.
* क्यूआर कोड शोधा. लिडकॉमने जुलै २०२५ मध्ये क्यूआर कोडची व्यवस्था जाहीर केली. कोड स्कॅन केल्यावर कारागीर किंवा उत्पादन केंद्राचे नाव, जिल्हा, वापरलेले साहित्य व पद्धत आणि जीआय प्रमाणपत्राची स्थिती दिसावी, असा त्यामागचा हेतू आहे.

रेक्झिन किंवा इतर कृत्रिम साहित्याची चप्पल घेण्यात गैर काही नाही. अनेकांना चामडे नकोच असते. प्रश्न आहे तो तिला ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकण्याचा. काही शे रुपयांत मिळणारी नक्कल त्या नावावर खपली, की खऱ्या जोडाचा भाव ग्राहकाला महाग वाटू लागतो. नकलेचे मोठे नुकसान हेच.

थेट कारागिराकडून ऑनलाइन घेणे हाच उत्तम मार्ग का?

दरवेळी नाही. ऑनलाइन विक्रीत छायाचित्रे, पॅकिंग, कुरिअर, तक्रारी आणि परत आलेला माल हे सगळे सांभाळावे लागते. घरात दोन माणसे असलेल्या कुटुंबाला ते झेपेलच असे नाही. पूर्वी ऑनलाइन मंचावर विकण्यासाठी उलाढाल कितीही कमी असली, तरी जीएसटी क्रमांक लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालील विक्रेत्यांना या अटीतून सवलत मिळाली, पण ती राज्यांतर्गत विक्रीसाठी. म्हणजे कोल्हापूरचा छोटा कारागीर या सवलतीत पुण्याच्या ग्राहकाला विकू शकतो. शेजारच्या बेळगावचा कारागीर मात्र कोल्हापूरच्या ग्राहकाला विकू शकत नाही. दोघांची चप्पल एकाच जीआयखाली येते, तरीही.

मोठा फटका बसतो तो माल परत येण्याने. हाताने केलेल्या जोडाचे माप कारखान्यातल्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. ग्राहक एकाच वेळी दोन मापे मागवतो आणि एक परत करतो. जाण्या-येण्याचा खर्च अनेकदा विक्रेत्यावर पडतो. जोड हाताळून मळतो तो वेगळाच. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारणे आणि लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये कळवणे, हीसुद्धा जबाबदार खरेदीच. नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते, हेही लक्षात ठेवा. पट्ट्याला तेल लावून रोज थोडा वेळ घातली की ती पायाला बसते. पहिल्याच दिवशी ती परत पाठवण्याचे कारण नाही.

ग्राहकाने दुकानदाराला काय विचारावे?

१. हा जोड कोणत्या गावात तयार झाला? कारागिराचे किंवा समूहाचे नाव सांगाल का?

२. कारागिराला पैसे माल घेताना देता की विकल्यावर?

३. चामडे कशाचे आणि कशाने कमावलेले?

४. जीआयची अधिकृत नोंद किंवा क्यूआर कोड आहे का?

५. तळ झिजला, शिवण सुटली तर दुरुस्ती करून द्याल का?

सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतीलच असे नाही. पण ज्याचा व्यवहार चोख आहे, तो दुकानदार पहिल्या दोन प्रश्नांना अडखळत नाही. उलट अनेकांना ते सांगण्यात अभिमान वाटतो. असे प्रश्न वारंवार येऊ लागले, की नाव-गाव सांगता येणे हा विक्रीचा मुद्दा बनतो आणि साखळी हळूहळू उघडी होते. भारतात सिल्क मार्क, हँडलूम मार्क यांसारखी चिन्हे रुळली, ती ग्राहक विचारू लागले म्हणूनच उपयोगी ठरली.

आणखी दोन गोष्टी ग्राहकाच्या हातात आहेत. एक, खरेदी पावसाळ्यात करा. वापरायची नसली, तरी दिवाळीसाठी किंवा लग्नसराईसाठी जोड त्या काळात सांगून ठेवला, तर मंदीच्या महिन्यांत कारागिराला काम मिळते. दोन, आगाऊ रक्कम द्या. मापाचा जोड करून घेताना अर्धे पैसे आधी दिले, तर चामड्यासाठी त्याला तेवढी उचल घ्यावी लागत नाही. यासाठी ग्राहकाला एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही.

प्राडा करारातून पुढे काय अपेक्षित?

जबाबदार खरेदीचा विषय जगभर ऐरणीवर आला तो २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळल्यानंतर. कपडे शिवणारे १,१०० हून अधिक कामगार त्यात दगावले. ते ज्या कंपन्यांसाठी शिवत होते, त्यांतील अनेकींना आपला माल कुठे शिवला जातो, हे नीट सांगता आले नव्हते. त्यानंतर मोठ्या ब्रँडना पुरवठ्याची साखळी दाखवण्याचा दबाव वाढला. प्राडाने वादानंतर कोल्हापूर गाठले, त्यालाही ही पार्श्वभूमी आहे.

करार कितपत यशस्वी झाला, हे ८०० युरोंच्या किमतीवरून ठरणार नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतील. त्या किमतीतला किती वाटा शिवणाऱ्या हातापर्यंत येतो? २,००० जोडांनंतर पुढची ऑर्डर येते का? आणि प्रशिक्षण घेतलेला तरुण किंवा तरुणी स्वतःच्या नावाने व्यवसाय उभा करते, की पुन्हा कोणाची तरी उचल घेते?

हेच तीन प्रश्न चप्पल लाईनमधल्या हजार-दीड हजारांच्या खरेदीलाही लागू आहेत. प्राडाकडून त्यांची उत्तरे मागण्याचा हक्क आपल्याला आहेच. पुढचा जोड घेताना ती आपल्या दुकानदाराकडूनही मागता येतील.